खिडकीताईंचा कॉम्प्युटर हळू का चालायचा

त्या मंगळवारी वाचनालयाच्या खिडकीसमोर आम्ही सात जण रांगेत उभे होतो. सर्वांत पुढे निवृत्त बस कंडक्टर, काखेत एक जाडजूड प्रवासवर्णन. खिडकीच्या आत ताई मान खाली घालून पडद्याकडे बघत होत्या आणि पडद्यावर एक छोटं वर्तुळ गरगर फिरत होतं.

"ताई," कंडक्टर म्हणाले, "हे पुस्तक मी न्यायला आलोय का परत करायला, हेच आता माझ्या लक्षात राहीना. एवढा वेळ झालाय."

मागे हशा पिकला. ताईही हसल्या, पण त्यांचे कान लाल झाले होते. "झालंच, झालंच," त्या म्हणाल्या. "बोट जरा अडतं हल्ली माझं."

बोट अडत नव्हतं. कॉम्प्युटर अडत होता. आणि तो का अडत होता, हे त्या रांगेतल्या एका बाईला माहीत असायला हवं होतं. ती बाई रांगेत चौथी उभी होती. ती मी. सगळ्यांबरोबर मीही हसले.

ताईंचं खरं नाव हजेरीपुस्तकात असेल. बाकी सगळ्यांसाठी त्या खिडकीताई. तेवीस वर्षांपूर्वी आधीच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या, तेव्हा तीन महिन्यांपुरत्या म्हणून त्या त्या खिडकीमागे बसल्या. ते बाळ आता नोकरीला लागलंय आणि ताई अजून तिथेच आहेत. घरी नवरा. छापखान्यात कागदाचं रीळ पायावर पडलं, तेव्हापासून तो काठीच्या आधाराने खोलीतल्या खोलीत फिरतो. मुलगी सासरी. म्हणजे घर चालतं ते या खिडकीवर.

कॉम्प्युटर यायच्या आधी ताईंसमोर कार्डांची लाकडी पेटी असायची. उजव्या तर्जनीला रबराचं टोपण घालून त्या कार्डं अशी सरकवायच्या की बघणाऱ्याला वाटावं, पेटीच पुढे चाललीय. गर्दीच्या संध्याकाळी तासाला चाळीस सभासद हातावेगळे करायच्या, आणि तेही प्रत्येकाशी दोन शब्द बोलून. "शिंपीदादा, हे घ्या, यात जहाज पण आहे आणि वादळ पण." "आजी, यात शेवटी कुणी मरत नाही, मी बघितलंय." पुस्तक मुडपून आणणाऱ्याला म्हणायच्या, "वाचलं नसतं तरी चाललं असतं, पण मुडपलं कशाला?"

पेटीतली कार्डं नावाच्या क्रमाने लावायची असा नियम. ताई तो पाळायच्या नाहीत. रोज येणाऱ्यांची कार्डं त्यांनी पुढे काढून ठेवलेली असत. एकदा अध्यक्षांनी हटकलं तर म्हणाल्या, "साहेब, माणसं काही अ-आ-इ-ई करत येत नाहीत. रोजची आधी येतात." अध्यक्ष पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेले; नियम म्हणजे नळाची तोटी, सैल सोडली की गळती, असा त्यांचा खाक्या. पण चाळीसचा आकडा पाहून ते गप्प बसले.

माझ्यावर तर ताईंचे उपकार होते. लेक झाली तेव्हा ती इतकी नाजूक होती की सात महिने मी उंबरा ओलांडला नाही. ताई दर शुक्रवारी घरी जाता जाता दोन पुस्तकं घेऊन यायच्या. आत येत नसत, "बाळाला बाहेरचं वारं नको" म्हणून दारातूनच द्यायच्या. पहिले दोन महिने नुसत्या लहान लहान कथा. मी कादंबरी मागितली तर म्हणाल्या, "नको वहिनी. ऐन रंगात बाळ रडलं की तुम्ही कादंबरीवर चिडाल. नाहीतर बाळावर." ते घरपोच पुस्तकांचं काम त्यांच्या पगारात नव्हतं.

हे सगळं आधी सांगतेय, कारण पुढचं ऐकल्यावर कुणाला वाटेल की मला त्यांची किंमत नव्हती. होती. म्हणूनच तर लाज वाटते.

दोन वर्षांपूर्वी आम्ही घरी नवा कॉम्प्युटर घेतला. जुना चांगला चालत होता. वाचनालयाला तो भेट द्यावा ही कल्पना माझी. मी समितीवर होते आणि समितीत बसून नुसता चहा पिण्यापेक्षा काहीतरी करावं असं मला वाटायचं. न्यायच्या आदल्या दिवशी दुपारी ह्यांनी त्याचा एका बाजूचा पत्रा उघडला. आत दोन हिरव्या पट्ट्या शेजारी शेजारी उभ्या होत्या. वेफर बिस्किटाएवढ्या.

"ही मेमरी," हे म्हणाले. "चार आणि चार, आठ जीबी. यातली एक लेकीच्या कॉम्प्युटरला घालतो. तिचं ते व्हिडिओचं काम सारखं अडकतं."

"मग ह्याचं काय होईल?"

"चालेल की. थोडा संथ होईल."

मी टॉर्च धरून उभी होते. मला पुढे स्वयंपाकघरात काम होतं. मी म्हणाले, "काढा हो. तिथे काय, चार नावं तर टाइप करायची. आणि त्यांना कुठे कळणार आहे?"

ह्यांनी पट्टी काढली, पत्रा लावला. दुसऱ्या दिवशी कार्यक्रम झाला. अध्यक्षांचं भाषण झालं, टाळ्या झाल्या, कॉम्प्युटरच्या डब्यावर आमच्या दोघांच्या नावाची पितळी पाटी बसवली. ताईंनी खिशातल्या रुमालाने ती पाटी पुसली आणि मला म्हणाल्या, "वहिनी, तुम्ही मला नव्या जगात आणलंत."

"त्यांना कुठे कळणार आहे" हे वाक्य त्या क्षणी मला आठवलंसुद्धा नाही.

पहिले काही महिने सगळं ठीक चाललं. नोंदी थोड्या होत्या. ताईंनी अठरा हजार पुस्तकं एकेक करून आत चढवली, दोन बोटांनी, आठ महिन्यांत. मग नोंदींच्या प्रोग्रॅमची नवी आवृत्ती आली. मग मुखपृष्ठांची चित्रं आली. मग व्हायरसवर पहारा ठेवणारा एक प्रोग्रॅम आला, तो सतत काहीतरी हुंगत बसायचा. कॉम्प्युटर जड जड होत गेला. सकाळी तो सुरू होऊन हाताशी यायला वीस मिनिटं लागायची, म्हणून ताई अर्धा तास आधी यायला लागल्या. नवऱ्याचं जेवण झाकून ठेवायच्या वेळेत आता त्या इथे पडद्यासमोर बसलेल्या असत.

आणि त्या कुणालाही दोष देत नसत. कॉम्प्युटरला तर नाहीच. तो भेट आलेला होता, चांगल्या माणसांनी दिलेला होता. म्हणजे दोष आपल्या बोटांचा, आपल्या डोळ्यांचा, आपल्या वयाचा. रांगेतली माणसंही तेच म्हणत होती. तोंडावर थट्टेने, पाठीमागे तसं नाही.

मी म्हणाले ना, मीही हसले. ते मंगळवारचं.

बुधवारी समितीची बैठक होती. अध्यक्षांनी तक्रारवही पुढे सरकवली. "गेल्या तीन महिन्यांत एकतीस. सगळ्या एकच. नोंदीला उशीर, नोंदीला उशीर, नोंदीला उशीर. मी काय म्हणतो, खिडकीवर कुणी तरुण मुलगी घेऊ. ताईंना वर पुस्तकबांधणीला."

"बांधणीचं काम तर आठवड्यातून दोनच दिवस असतं," मी म्हणाले.

"दोन दिवस तर दोन दिवस. पगारही तसाच होईल, काय करणार?" त्यांनी चष्मा पुसला. ते दुष्ट नाहीत. त्यांना खरंच वाईट वाटत होतं. "यंत्र जुनं, मोडकं असतं तर मी यंत्राला बोललो असतो. पण तुम्ही तर घरचा चांगला कॉम्प्युटर दिलात. मग राहिला कोण? माणूस."

त्यांनी माझ्याकडे बघून मान डोलावली. कृतज्ञतेने.

तेव्हा मला ती पट्टी आठवली. टॉर्चचा उजेड, ह्यांची बोटं, माझं वाक्य.   एका पट्टीने काय एवढं होतंय, अशी मी माझीच समजूत घातली. इतिवृत्ताच्या वहीत मीच लिहिते; त्या दिवशीही मीच लिहिलं: शनिवारी संध्याकाळी पाच ते सहा अध्यक्ष स्वतः घड्याळ लावून बसतील. तासात वीस सभासदांच्या नोंदी झाल्या तर ताई खिडकीवर राहतील. नाहीतर पुढच्या महिन्यापासून बांधणी.

ज्या बाई कार्डांवर तासाला चाळीस करायच्या, त्यांच्यासाठी वीसचा निकष माझ्या अक्षरात लिहिला गेला.

घरी आल्यावर ह्यांना विचारलं, "ती मेमरी काढली होती आपण, त्याने खरंच फरक पडतो?"

हे टीव्हीचा आवाज कमी करून म्हणाले, "तेव्हा नव्हता पडत. आता पडत असेल. का?"

मी सांगितलं. ह्यांनी टीव्ही बंद केला.

"मग लेकीकडून मागवू या ती?" मीच विचारलं.

"तो कॉम्प्युटर तिने कधीच विकला."

"मग नवीन घेऊन घालू या. आणि त्यांना सांगू या."

"अगं, काय सांगणार आहेस? भेट दिली ती अर्धी होती म्हणून? पाटी लावलीय आपल्या नावाची."

"मग काय करू?"

"दुरुस्ती करून देतो म्हण. फुंकर आहे ना, त्याला पाठव. तो घालेल मेमरी. काम होईल, बोभाटा होणार नाही."

मला ते पटलं. खरं सांगायचं तर पटलं म्हणण्यापेक्षा सोयीचं वाटलं. ताईंची खिडकीही वाचेल, माझं तोंडही. वर लोक म्हणतील, वहिनींनी पुन्हा मदत केली. हा विचारसुद्धा माझ्या मनात येऊन गेला, तो लपवत नाही.

फुंकर म्हणजे आमच्या भागातला कॉम्प्युटर दुरुस्त करणारा. पन्नाशीचा गृहस्थ, आधी रेडिओ दुरुस्त करायचा. कुठलंही यंत्र उघडलं की आधी जोरात फुंकर मारतो आणि मग बोलतो, म्हणून हे नाव. मी त्याला एवढंच सांगितलं, "बघा जरा, मेमरी कमी पडतेय का. या मॉडेलला बसणारी एक बरोबर घेऊन या." का, ते सांगितलं नाही.

शुक्रवारी दुपारी, वाचनालय बंद असायच्या वेळेत, आम्ही तिघं खिडकीच्या आतल्या बाजूला जमलो. ताईंनी शिक्क्यांचा डबा बाजूला सारून जागा करून दिली. नेमके अध्यक्षही आले. उद्याच्या परीक्षेसाठी टेबलखुर्ची कुठे मांडायची ते बघायला.

फुंकरने अजून पत्रा उघडला नव्हता. त्याने आधी दोन बटणं दाबून पडद्यावर एक तक्ता आणला. "हे बघा. मेमरी, सत्त्याण्णव टक्के भरलीय. आणि हा लाल दिवा बघा डब्यावरचा. विझतोय का? नाही विझत. डिस्क धापा टाकतेय."

"म्हणजे काय हो भाऊ?" ताईंनी विचारलं. "मला समजेल असं सांगा. म्हणजे मी तशी काळजी घेईन."

फुंकरने इकडेतिकडे बघितलं आणि त्यांच्या टेबलावर थाप मारली. "हे तुमचं टेबल आहे ना, ही मेमरी. आणि वरच्या मजल्यावरची कपाटं, ती डिस्क. टेबलावर पुस्तक असलं की तुम्ही बसल्या जागी उचलून देता. आता समजा टेबल एवढंसं झालं, पाटाएवढं. त्यावर चारच पुस्तकं मावतात. पाचवं हवं असेल तर?"

"एक उचलून वर ठेवून यायचं आणि पाचवं आणायचं," ताई लगेच म्हणाल्या.

"आणि ते पहिलंच पुन्हा कुणी मागितलं तर?"

"पुन्हा जिना." ताई पडद्याकडे बघू लागल्या. "म्हणजे हा बिचारा सारखा जिना चढतोय-उतरतोय."

"बरोब्बर. तुम्ही कितीही भराभर टाइप करा, हा जिन्यातच."

"मग सगळ्यांनाच मेमरी वाढवावी लागते का?" अध्यक्षांनी विचारलं. त्यांना खर्चाची धास्ती.

"नाही साहेब. टेबल अर्धं रिकामं आहे आणि तरी काम रखडतंय, तर दुखणं दुसरं. तिथे मेमरी घालून काही व्हायचं नाही, लोक उगाच घालतात. टेबल भरलंय आणि जिना थांबत नाही, तेव्हाच घालायची. तीही आधी टेबलावरचा पसारा आवरून बघायचा." त्याने पडद्याच्या वरच्या कडेवर बोट ठेवलं. "हा पसारा केवढा! ताई, ही एवढी पानं उघडी का?"

आम्ही वाकून बघितलं. ब्राउझरमध्ये चिकटून चिकटून बसलेल्या टॅबच्या चकत्या, इतक्या की नावंही दिसत नव्हती. फुंकरने मोजल्या. त्रेचाळीस.

"ती रोजची माणसं आहेत," ताई म्हणाल्या. "हे शिंपीदादांचं पान, हे कंडक्टरचं, ह्या आजी. बंद केलं की पुन्हा उघडायला तीन-चार मिनिटं लागतात. माणूस ताटकळतो. म्हणून सकाळीच उघडून ठेवते. पेटीत पुढे ठेवायची तशी."

"अहो ताई, त्याच्यामुळेच तर तो आणखी..." फुंकर हसत कपाळावर हात मारून घेत म्हणाला. "हळू चालतो म्हणून उघडं ठेवता, उघडं ठेवता म्हणून हळू चालतो."

अध्यक्ष "हं" म्हणाले. ताईंचे कान पुन्हा लाल झाले.

आणि मला क्षणभर हायसं वाटलं. म्हणजे चूक त्यांचीही होती! एकट्या पट्टीची नव्हती! तो एक क्षण मी आजही विसरले नाहीये. एका बाईची लाज बघून मला हायसं वाटलं होतं.

मग फुंकरने कॉम्प्युटर बंद करून पत्रा उघडला, फुंकर मारली, आणि धूळ खाली बसल्यावर त्याचा आवाज बदलला. "अरेच्चा."

"काय झालं?"

"बाहेर दुकानाचा कागद चिकटवलाय बघा, त्यावर आठ जीबी लिहिलंय. चार-चारच्या दोन. इथे एकच आहे. दुसरीच्या जागेचे चाप बघा, उघडेच. कुणीतरी काढून नेलीय."

अध्यक्षांनी वाकून आत बघितलं. 

"काढून नेली?" अध्यक्ष म्हणाले. "इथून? कधी?"

"ते मी कसं सांगू साहेब? ज्याला उघडता येतं त्याने नेली."

"या खोलीची किल्ली..." अध्यक्ष बोलता बोलता थांबले. त्यांना ते बोलायचं नव्हतं, पण अर्धं वाक्य बाहेर पडलं होतं. किल्ली एकाच माणसाकडे असते हे आम्हां सगळ्यांना माहीत होतं.

ताई उठल्या. घाईने नाही. त्यांनी खुंटीवरची आपली पिशवी काढली आणि टेबलावर उलटी केली.

"बघा साहेब," त्या म्हणाल्या. "घरही बघा. ह्यांना उठायला वेळ लागतो, तेवढं थांबा दारात."

"अहो ताई, मी तसं म्हणत नाही..."

"म्हणा ना. तेवीस वर्षांत पहिल्यांदा म्हणताय, नीट म्हणा."

टेबलावर त्यांचा चष्मा होता, औषधाची पाकिटं, रबराचं ते टोपण, आणि एक घडी घातलेला पुठ्ठा. पुठ्ठ्याची घडी आपोआप उलगडली. बुटांच्या खोक्याचं झाकण होतं ते. त्यावर पट्टीने चौकटी आखल्या होत्या आणि प्रत्येक चौकटीत शाईने एकेक अक्षर. कॉम्प्युटरचा कीबोर्ड. खालच्या रांगेतली अक्षरं बोटांनी पुसट झाली होती, त्यावर दुसऱ्या शाईने पुन्हा गिरवलेलं.

"हे काय?" फुंकरने विचारलं.

"घरी सराव करते," ताई म्हणाल्या. "दुपारी जेवण झालं की. हे घड्याळ लावतात आणि कंडक्टरचं नाव किती सेकंदांत होतं ते सांगतात. दीड वर्ष झालं. पुठ्ठ्यावर चांगलं जमतं मला. इथे आलं की अडतं."

  मी पाटीकडे बघून बोलले, ताईंकडे बघून नाही.

"मेमरी मी काढली," मी म्हणाले. "आम्ही. देण्याच्या आदल्या दिवशी. लेकीसाठी. मी टॉर्च धरला होता."

अध्यक्षांनीही पाटीकडे बघितलं.

"आणि मी म्हटलं होतं, ताईंना कुठे कळणार आहे."

हे शेवटचं सांगायची गरज नव्हती. कुणाला कळलं नसतं. पण तेवढं एक वाक्य मागे ठेवलं असतं तर पुन्हा अर्धंच दिल्यासारखं झालं असतं.

ताईंनी एकेक वस्तू उचलून पिशवीत भरली. पुठ्ठा सर्वांत शेवटी, घडी घालून. मग फुंकरला म्हणाल्या, "भाऊ, तुमचं काम चालू द्या. उद्या माझी परीक्षा आहे."

"परीक्षा कसली आता!" अध्यक्ष घाईने म्हणाले. "रद्द केली ती."

"नको. तुम्ही या. घड्याळ घेऊन या."

फुंकरने पट्टी बसवली, चाप कट्कन लागले. कॉम्प्युटर सुरू केला. तो अडीच मिनिटांत हाताशी आला. तेवढ्या वेळात मी दोनदा "ताई" म्हणाले. दोन्ही वेळा त्यांनी हाताने थांबवलं. रागाने नाही, आत्ता नको अशा अर्थाने. ते मला जास्त लागलं.

"आणि पानं उघडी ठेवू नका आता," फुंकर म्हणाला. "हाक मारली की येईल एकेक. बघा मारून."

ताईंनी कंडक्टरचं पान उघडलं. आलं. शिंपीदादांचं. आलं. ब्राउझर सुरू होताच मागची सगळी पानं आपोआप पुन्हा उघडली होती; ती त्या मग एकेक करून मिटत गेल्या. त्रेचाळीस वेळा कळ दाबली. मधेच डोळे पुसले, पण बोट थांबलं नाही.

शनिवारी पाच ते सहा या वेळात ताईंनी चौतीस सभासदांच्या नोंदी केल्या. कंडक्टर म्हणाले, "ताई, जरा दमानं, मला थट्टा करायला तरी वेळ द्या." रांग हसली. मी त्या रांगेत नव्हते. आत, टेबलाच्या कडेला बसले होते, कारण समितीची बैठक तिथेच भरली होती.

सहा वाजता अध्यक्षांनी घड्याळ खिशात टाकलं. "झालं तर मग! ताई खिडकीवरच राहतील. बाकीचं आपलं घरातल्या घरात. वहिनींनीही चूक मोठ्या मनाने कबूल केली. आता ते कागदावर कशाला आणायचं?"

"आणायचं," ताई म्हणाल्या.

"अहो, पण..."

"साहेब, माझ्या नावाच्या एकतीस तक्रारी कागदावर आहेत. उद्या तुम्ही नसाल, ह्या वहिनी नसतील. कुणीतरी वही उघडेल आणि वाचेल की खिडकीवरच्या बाई संथ होत्या. एकतीस वेळा वाचेल."

अध्यक्षांनी माझ्याकडे बघितलं. वही माझ्यापुढे होती. मी पेन उघडलं आणि लिहिलं, 'काही कारणाने कॉम्प्युटरची मेमरी कमी पडत असल्यामुळे नोंदींना विलंब होत होता असे निदर्शनास आले.' लिहून वही त्यांच्याकडे वळवली.

ताईंनी चष्मा लावला आणि वाचलं.

"काही कारणाने नाही," त्या म्हणाल्या. "कमी पडत नव्हती. काढून घेतली होती. आणि 'निदर्शनास आले' म्हणजे कुणाच्या? तुम्हाला तर आधीपासून माहीत होतं, वहिनी."

त्यांनी आवाज चढवला नाही. मुडपलेलं पुस्तक परत आणणाऱ्याशी बोलतात तशाच बोलल्या. मी ते वाक्य खोडलं. नवीन लिहिलं. मेमरी आम्ही काढून घेतली होती, देताना कुणाला सांगितलं नाही, आणि एकतीस तक्रारींतल्या उशिराला ताई जबाबदार नव्हत्या. 'आम्ही' लिहिलं तिथे त्यांनी बोट ठेवलं. मी त्यावर ह्यांचं आणि माझं, दोघांची पूर्ण नावं लिहिली. बुधवारी वीसचा निकष लिहिला होता, त्याच पानावर हे आलं.

"आणि पानं उघडी ठेवत होते, तेही लिहा," ताई म्हणाल्या. "ती चूक माझी होती."

"ते राहू द्या हो," मी म्हणाले.

"का राहू द्या? लिहा. तुमचं तुम्ही लिहिलंत, माझं मी लिहायला सांगते."

मी लिहिलं. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून वाचलं, अध्यक्षांची सही घेतली, माझी घेतली. मला वाटलं, आता तरी काही बोलतील. रागावतील, नाहीतर 'जाऊ दे वहिनी' म्हणतील. दोन्हींपैकी काहीही मी घेतलं असतं.

खिडकीवर टकटक झाली. आजी उभ्या होत्या.

"आले, आले," ताई म्हणाल्या, आणि माझ्याकडे न बघता हात पुढे केला. "वहिनी, ती वही सरकवा इकडे. शाई ओली आहे अजून, मिटू नका."